जुनी डिझेल गाडी आणि लांबचा पल्ला : किलोमीटर नव्हे, वर्षं मोजा

खानापूरवाट (सोमवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी,

आमची क्वालिस २००४ची, केए-२२ (बेळगावचा नंबर). बाबांनी घेतली तेव्हा मी कॉलेजात होतो. परवा मीटरवर ३ लाख ४२ हजार पूर्ण झाले. महिन्यातून एकदा खानापूर-पुणे ठरलेलं, कारण आईची तपासणी तिकडे असते आणि तिच्या गुडघ्यांना बुटक्या गाड्या सोसत नाहीत. क्वालिसमध्ये ती दांडा धरून सरळ चढते, सरळ उतरते. त्यामुळे गाडी ठेवायची हे घरात पक्कं आहे. वीस वर्षांवरची डिझेल गाडी घेऊन एका दमात साडेतीनशे किलोमीटर जायचं, तर तिच्याकडे कसं बघायचं, एवढ्यासाठी हा धागा.

माझी वही आहे. ऑइल दर ५ हजाराला, ऑइल फिल्टर त्याच्यासोबत, डिझेल फिल्टर, टायमिंग बेल्ट, सगळं किलोमीटरसकट लिहिलेलं. गेल्या श्रावणापर्यंत मला वाटायचं, की एवढं केलं म्हणजे झालं.

त्या दिवशी पुण्याहून परत येत होतो. खंबाटकीचा चढ नेहमीसारखा पार झाला. कागलच्या अलीकडे रस्त्याच्या कामामुळे तासभर गेला. निपाणी मागे टाकून तवंदी घाटाला लागलो आणि आई म्हणाली, "गोडसर वास येतोय रे, काकवीसारखा." मी तापमानाच्या काट्याकडे बघितलं. तो मध्यावरून जरासा वर गेला होता. पुढच्या वळणावर बघतो तर एकदम खाली, गार इंजिनाला असतो तिथे. क्षणभर बरं वाटलं. मग अंगावर काटा आला. घाट चढताना इंजिन गार कसं होईल? पाणी संपलं होतं. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडलेला असतो तोवरच खरं सांगतो. तो कोरडा पडला, की काटा खोटं बोलतो.

गाडी कडेला घेतली, बंद केली. बॉनेट उघडलं तेव्हा खालच्या होज पाइपाजवळून वाफ येत होती. रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. तापलेलं झाकण उघडून तोंड-हात भाजून घेतलेली माणसं मी बघितली आहेत. पाऊण तास थांबलो. मग दिसलं, की क्लिप जिथे आवळलेली असते त्याच्या खालीच पाइपाला उभी चीर गेली होती. बाहेरून पाइप काळाभोर, धडधाकट. चिरलेलं टोक पान्याच्या पेटीतल्या ब्लेडने दीड इंच कापून टाकलं, उरलेला पाइप ओढून बसवला, क्लिप आवळली, पाणी भरलं आणि ४०च्या वेगाने संकेश्वर गाठलं.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजात दाखवलं. बॉनेट नीट उघडायच्या आधीच निदान झालं : हेड (सिलिंडरवरचं झाकण) गेलं, उतरवावं लागणार, ६० हजार धरून चाला. मला ते पटेना. गाडी तशीच घरी आणली आणि सकाळी इंजिन पूर्ण गार असताना स्वतः बघितलं. रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली. हेडखालची सील, म्हणजे हेड गॅस्केट, गेलं असेल तर सिलिंडरमधला वायू पाण्यात येतो आणि बुडबुडे थांबतच नाहीत. माझ्याकडे सुरुवातीला दोन-चार आले आणि बंद झाले. ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाच्या सायीसारखं काही नव्हतं. झाकण लावून परत चालू केली आणि वरचा होज पाइप हाताने दाबत राहिलो. गार इंजिनात तो पहिल्या मिनिटातच दगडासारखा कडक झाला असता तर काळजी होती. तो मऊच होता. नंतर ओळखीच्या मेकॅनिकने प्रेशर टेस्ट केली, तीही बरोबर आली. दोन पाइप, थर्मोस्टॅट, रेडिएटरचं नवं झाकण, कूलंट. हेडला कोणी हात लावला नाही आणि आजवर पाण्याची पातळी तसूभर हललेली नाही.

क्वालिसच्या या इंजिनाचं हेड उष्णतेला हळवं आहे, हे चालवणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. अजून दोन किलोमीटर रेटली असती तर ते तडकलंच असतं.

घरी आल्यावर वही उघडली. तो पाइप बसवून ९ वर्षं झाली होती. किलोमीटर मात्र ७० हजारच, म्हणून माझ्या हिशेबात तो 'नवा' होता. रबर मीटर बघून म्हातारं होत नाही. ऊन, ऑइलची वाफ, तापणं-निवणं यांनी ते उभ्या गाडीतही झिजतं. आता वहीत प्रत्येक वस्तूपुढे किलोमीटरच्या आधी साल लिहितो.

तुमचे अनुभव सांगा. तुम्ही काय वर्षांवर बदलता आणि काय चालेल तोवर चालवता?

---

निपाणीकर (सोमवार, रात्री १०:०२)

तवंदीत थांबलात हे फार चांगलं केलंत. तिथे 'चढ संपू दे, मग बघू' म्हणून रेटणारेच जास्त.

माझी डिझेल स्विफ्ट (डीडीआयएस), २०११ची, १ लाख ९० हजार. निपाणी-मुंबई महिन्यातून दोनदा. अॅव्हरेज अजून २० मिळतं. हल्ली सकाळी पहिल्यांदा चालू केली, की दोन-तीन सेकंद खडखड असा साखळीसारखा आवाज येतो आणि जातो. शिवाय ६० ते ८० मध्ये थोडी अडखळते. कोणी म्हणतं नोझल (डिझेल फवारणारं इंजेक्टर), कोणी म्हणतं ईजीआर (धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह). कुठून सुरुवात करू?

---

पंपवाला (मंगळवार, सकाळी ६:४५)

मी बेळगावला उद्यमबागेत पंप-नोझलचं काम करतो, २६ वर्षं झाली.

निपाणीकर, आधी आवाजाचं बघा. तुमच्या १२४८ सीसीच्या मल्टिजेट इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, साखळी आहे. 'साखळी आहे म्हणजे आयुष्यभर बघायला नको' असं लोक धरून चालतात आणि तिथेच चुकतात. साखळी ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर ऑइल खाली उतरलेलं असतं, सकाळी दाब तयार होईपर्यंत साखळी सैल राहते, तो तुमचा खडखडाट. या इंजिनात ऑइलच मुळात तीन लिटरच्या आसपास. त्यातलं लिटरभर कमी झालं तर उरलं काय? डिपस्टिक दर हजार किलोमीटरला बघायची. आवाज दोन सेकंदांवरून पाचवर गेला, तर साखळी, टेन्शनर आणि पट्ट्या एकदमच बदलून घ्यायच्या. नुसता टेन्शनर टाकून भागत नाही बघा.

आता अडखळणं. आधी नोझल काढून घेऊ नका. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलांना डिझेल पुरवणाऱ्या एकाच नळीत, हजार-दीड हजार बार दाबाने डिझेल फिरतं. सायकलच्या ट्यूबमध्ये दोन-तीन बार असतो, त्यावरून समजा. असल्या ठिकाणी उगाच उघडझाक केली, की कचरा आत जातो आणि नसलेलं दुखणं मागे लागतं. रिटर्न टेस्ट करायला सांगा. चारही नोझलांच्या रिटर्न पाइपाला, म्हणजे उरलेलं डिझेल परत जातं त्या नळीला, चार सारख्या बाटल्या लावायच्या आणि गाडी काही मिनिटं चालू ठेवायची. चारीत डिझेल साधारण सारखं साचलं तर नोझल ठीक. एक बाटली भराभरा भरली तर तेवढंच नोझल झिजलंय. मी माझ्या गिऱ्हाइकाला बाटल्या समोर दाखवूनच बोलतो. ते झालं, की ईजीआर काढून साफ करा. सारखी गावातल्या गावात फिरणारी गाडी असेल तर काजळी बोटभर निघते. तुमची हायवेला पळते, म्हणजे तेवढी नसेल.

खानापूरवाटच्या क्वालिसचं वेगळं. २४४६ सीसी, टर्बो नाही, पंप यांत्रिक. जुन्या फिरत्या पंपांची रबरं वाळली, की पंप बाहेरून ओला दिसायला लागतो. आता सगळीकडे बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या मानकाचं) डिझेल आहे, गंधक १० पीपीएम (दहा लाखात दहा भाग). बीएस-३ मध्ये ३५० असायचं. वंगणासाठी त्यात वेगळं द्रव्य घालूनच ते येतं, त्यामुळे 'पंप खराब होतो, दोन-टी (टू-स्ट्रोक गाड्यांचं) ऑइल घाला' म्हणून घाबरवणाऱ्यांचं मनावर घ्यायचं नाही. पण २० वर्षांची वाळलेली सील बदललेल्या डिझेलला गळायला लागतात, हे माझ्या टेबलावर येतंच की. सील किट टाकून पंप कॅलिब्रेट केला, की परत दहा वर्षं बघायला नको.

आणि पावसाळ्यात टाकी पाव भरलेली ठेवून गाडी उभी करू नका. रिकाम्या जागेतल्या हवेतल्या ओलाव्याचं पाणी होतं आणि ते खाली बसतं. डिझेल फिल्टरच्या बुडाला पाणी सोडायचा स्क्रू असतो. एका काचेच्या बाटलीत थोडं काढून उजेडात धरा. पाणी तळाला वेगळं दिसतं.

---

चिकोडी_रोड (मंगळवार, दुपारी १:२०)

वेगळं मत मांडतो, राग मानू नका. माझ्याकडे २००८ची इनोव्हा होती. गाडी दणकट, तक्रार नाही. पण दोन वेळा रात्री बायकामुलांसकट हायवेला उभा राहिलो, एकदा हत्तरगी टोलच्या पुढे डायनॅमो गेला म्हणून आणि एकदा क्लच बसला म्हणून. दुसऱ्या वेळी धाकटी तापाने फणफणलेली होती. त्या रात्री ठरवलं, की गाडी विकायची. खर्चाचा हिशेब जमतो हो, पण भरवशाचा हिशेब वहीत बसत नाही. घरात म्हातारं माणूस असेल तर मी तरी नवीच गाडी सांगेन.

---

खानापूरवाट (मंगळवार, रात्री ८:३०)

@चिकोडी_रोड, राग कसला. लेकरू तापात असताना रस्त्यावर उभं राहणं काय असतं ते समजतं. तुमच्या जागी मीही तेच केलं असतं.

माझ्या वहीतले आकडे देतो. गेल्या तीन वर्षांत डिझेल आणि विमा सोडून ३८ हजार, ६१ हजार, २९ हजार. ६१ च्या वर्षी टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, मागचे पाटे आणि बुश झाले. आईला चढता येईल अशा उंचीची नवी गाडी घ्यायची तर त्याच्या हप्त्यात यातला एका वर्षाचा खर्च दोन-अडीच महिन्यांत संपतो. पण पैशांपुरतंच असतं तर मीही विकली असती. मला ती ठेवायची आहे, म्हणून तिची जबाबदारी आधी घ्यायची.

डायनॅमोचं तुम्ही काढलंत ते महत्त्वाचं आहे. क्वालिसला व्हॅक्यूम पंप डायनॅमोच्या पाठीलाच बसवलेला असतो. ब्रेक बूस्टरला, म्हणजे ब्रेक हलका करणाऱ्या डब्याला, लागणारा व्हॅक्यूम तिथून येतो. म्हणजे बेल्ट तुटला तर नुसती बॅटरी चार्ज व्हायची थांबत नाही, ब्रेकसुद्धा कडक होतो. दोन-तीनदा दाबेपर्यंत साठलेल्या व्हॅक्यूमवर लागतो, मग पेडलवर उभं राहावं लागतं. घाटात हे झालं तर काय होईल? म्हणून बाहेरचे बेल्ट मी दर तीन वर्षांनी बदलतो, चिरा दिसोत न दिसोत. जुना चांगला असेल तर स्टेपनीजवळ गुंडाळून ठेवतो.

टायमिंग बेल्टचंही तेच. किलोमीटर भरले नाहीत म्हणून दहा वर्षं ओढायचा नाही. तो तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि मग खरोखरच हेड उतरवावं लागतं. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, कारण ते हवेतला ओलावा पितं आणि घाट उतरताना त्या पाण्याची वाफ होऊन पेडल तळाला जातं. टायरचं साल टायरवरच असतं. बाजूला लंबगोलात चार आकडे बघा : २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असो, सहा वर्षं झाली, की मी हायवेला तो टायर नेत नाही.

---

जांबोटीची_लेक (मंगळवार, रात्री ११:१५)

सगळा धागा एका बैठकीत वाचला. मला मदत हवी आहे.

आमच्या पप्पांची इंडिका, डिझेल, २००९ची. पप्पा जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून गाडी अंगणातल्या शेडमध्ये उभी आहे. आईने कोणाला हात लावू दिला नाही. पप्पा दर रविवारी तिला पुसायचे, आता आई पुसते, पण चालू कोणी केलेली नाही. पुढच्या महिन्यापासून मला पणजीला नोकरी आहे. शनिवारी यायचं, सोमवारी पहाटे चोर्ला घाटाने जायचं. आई परवा म्हणाली, की गाडी तू घे. आरसीची (नोंदणीची) मुदतही गेल्या वर्षी संपली आणि कागदावर अजून पप्पांचंच नाव आहे. गाडी चांगली धावायची. आता काय-काय करावं लागेल?

---

पंपवाला (बुधवार, सकाळी ६:३०)

बाई, एक गोष्ट आधी ऐका. चावी फिरवू नका. बॅटरी लावून 'बघूया होते का चालू' असं कोणालाही करू देऊ नका.

दोन वर्षं उभी म्हणजे ऑइल सगळं खाली बसलंय. आधी ऑइल आणि फिल्टर नवं. टाकीतलं जुनं डिझेल काढून टाका, तळाला पाणी आणि चिकट गाळ निघेल. डिझेल फिल्टर नवा. जांबोटीला पाऊस केवढा, आणि शेडमध्ये उंदीर असणारच, तेव्हा वायरिंग हाताने तपासायचं. एअर फिल्टरच्या डब्यात घरटं निघतं कधीकधी. मग क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं. अडकत नसेल तरच पुढे. इंडिकाला टायमिंग बेल्ट आहे. पप्पांनी शेवटचा कधी टाकला त्याची पावती सापडली नाही तर चालू करण्याआधीच नवा टाका. नंतर लाइनमधलं एअर काढून, हीटर प्लग बघून सेल्फ मारायचा. पहिल्यांदा धूर पुष्कळ येईल, घाबरू नका.

मागचे ब्रेक जाम झालेले असतील. ड्रम उघडून सिलिंडरची रबरं बदलून घ्या. चोर्ल्याला जायचंय म्हणता, त्यात काटकसर नको.

---

खानापूरवाट (बुधवार, सकाळी ७:१५)

ताई, पप्पांची गाडी परत रस्त्यावर येणार हे वाचून फार बरं वाटलं.

कागदांचं सांगतो. मालक वारला असेल तर नाव बदलायला फॉर्म ३१ लागतो, सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद. इतर वारसांची संमती आधीच लिहून घ्या, म्हणजे हेलपाटे वाचतील. १५ वर्षांनंतरचं नूतनीकरण फॉर्म २५ वर होतं आणि ते एका वेळी ५ वर्षांसाठी मिळतं. मी २०१९ मध्ये पहिल्यांदा केलं तेव्हा कारची फी ६०० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती ५ हजार झाली, २०२४ मध्ये मी तीच भरली. २०२५ च्या ऑगस्टपासून २० वर्षांवरच्या गाडीला १० हजार आहे. तुमची अजून विशीत गेलेली नाही, त्यामुळे तुम्हाला ५ हजारच. पण मुदत टळल्यापासून दर महिन्याला ५०० रुपये उशिराची फी चढते, म्हणून हे काम आधी उरका. गाडी तपासणीला न्यावी लागते : दिवे, हॉर्न, ब्रेक, चॅसिस नंबर. चॅसिस नंबरवरचा गंज आधीच ब्रशने घासून ठेवा, अक्षरं वाचता आली पाहिजेत. विमा चालू केल्याशिवाय अंगणाबाहेर काढू नका.

घाटाचं : सोमवारी उतरताना ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, दुसऱ्या-तिसऱ्यात. न्यूट्रल करून कधीही नाही आणि डिझेल वाचवायला इंजिन बंद करून तर नाहीच. बूस्टरचं वर लिहिलंय.

---

कागवाडकर (बुधवार, दुपारी ३:४०)

दोन शंका. कोल्हापुरात एमएच-०९ ची २०१३ची डिझेल गाडी स्वस्तात मिळतेय, ती इकडे आणायला काय करावं लागेल? आणि डिझेल गाड्या दहा वर्षांनी बंद होणार म्हणतात, ते खरं का?

---

निपाणीकर (बुधवार, सायंकाळी ६:०५)

दहा वर्षांचा नियम दिल्ली आणि एनसीआरचा (दिल्लीभोवतालच्या भागाचा) आहे, राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशातून आलेला. आपल्याकडे १५ वर्षं आणि पुढे पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण. पीयूसी मात्र वेळेवर काढा. बीएस-४ च्या आधीच्या गाडीला ती दर ६ महिन्यांनी लागते, आणि डिझेलला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धूर मोजतात, तेव्हा एअर फिल्टर घाण असेल तर तिथेच कळतं.

एमएचची गाडी : फॉर्म २८ वर एनओसी घेतल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका. इकडे आणली, की १२ महिन्यांच्या आत केए नंबर घ्यावा लागतो आणि गाडीच्या वयाप्रमाणे कर्नाटकाचा रोड टॅक्स भरावा लागतो. तो किंमतीत धरून मगच स्वस्त म्हणा. भावाची गाडी अशीच आणली तेव्हा सगळी स्वस्ताई टॅक्समध्ये गेली.

पूर्वी कागलकडची माणसं डिझेल भरायला कोगनोळीपर्यंत यायची. जून २०२४ आणि एप्रिल २०२५ मध्ये आपल्याकडे, कर्नाटकात, डिझेलवरचा विक्रीकर वाढल्यापासून त्यात पूर्वीसारखा अर्थ राहिला नाही.

@पंपवाला, रिटर्न टेस्ट केली. तीन बाटल्या सारख्या आणि तिसऱ्या नंबरची जवळजवळ दुप्पट. तेवढं एकच नोझल दिलंय. ऑइल पाऊण लिटर कमी निघालं. भरल्यावर सकाळचा आवाज निम्म्यावर आला. तरी साखळी दिवाळीआधी बदलून घेतोय. मनापासून आभार.

---

जांबोटीची_लेक (अठरा दिवसांनी, रविवार, रात्री ९:५०)

गाडी चालू झाली.

मेकॅनिककाका घरी आले होते. तुम्ही सांगितलं त्याच क्रमाने केलं. टाकीतून निघालेलं डिझेल बाटलीत धरलं तर तळाला दोन बोटं पाणी. हीटर होजचा एक तुकडा काढून मी सहज वाकवला, तर तो बिस्किटासारखा तुटून हातात आला. आतून पांढरट, भेगाच भेगा. बाहेरून आईने पुसून-पुसून चकचकीत ठेवलेला.

टायमिंग बेल्टची पावती सापडली. पप्पांनी डॅशबोर्डच्या कप्प्यात एका लहान डायरीत ठेवली होती. त्या डायरीत प्रत्येक वेळी भरलेलं डिझेल, तारीख, मीटर, सगळं आहे. बेल्ट २०१६चा होता, म्हणून बदलला. तिसऱ्या सेल्फला इंजिन धरलं. आई ओट्यावर उभी होती. आवाज ऐकून ती आत गेली आणि थोड्या वेळाने हळद-कुंकू घेऊन बाहेर आली.

आरसीचं काम झालं, नाव आईचं लावलंय. काल कणकुंबीपर्यंत नेऊन आणली. काटा मध्यावर राहिला. फक्त घरी आल्यावर वरच्या होजच्या क्लिपजवळ एक थेंब दिसला. हे चालेल का? उद्या पहाटे निघायचं आहे.

---

खानापूरवाट (रविवार, रात्री १०:०५)

पाइप नवा असेल तर पहिल्यांदा तापून निवला, की क्लिप सैल पडते. आता इंजिन गार झालं असेल तर पेचकसाने अर्धा आटा आवळा, जास्त नको, पाइप कापला जातो. पहाटे निघण्याआधी कूलंटच्या बाटलीतली पातळी बघून तिथे पेनाने खूण करा. कणकुंबीला पाच मिनिटं थांबून परत खूण बघा. तसूभरही हलली नसेल तरच घाट उतरा, आणि दोन लिटर पाणी सोबत असू द्या.

पोचलात, की इथे लिहा. आईंना नमस्कार सांगा.

---

जांबोटीची_लेक (सोमवार, सकाळी ९:२०)

पोचले. पातळी खुणेवरच आहे. डायरीत आजची तारीख आणि मीटर लिहिलं, पप्पांच्या शेवटच्या ओळीच्या खाली.